‘नाहींसा झाला’ कीं ‘नाहींसा केला’?

गेल्या डिसेंबरांत, नाताळच्या सुटीपूर्वीं, नववीच्या इंग्रजी निबंधवह्या मी तपाशीत बसलों होतों. विषय नेहमींचाच, ‘माझा जिवलग मित्र’. अशा विषयावरील पन्नास वह्या वाचल्या म्हणजे ते पन्नासहि मित्र एकाच आईचीं लेंकरें असावींत असें वाटूं लागतें. प्रत्येक मित्र प्रामाणिक, प्रत्येक मित्र पहांटे उठणारा, प्रत्येकाचें अक्षर वळणदार. परंतु एका वहींत मित्राचें वर्णन तिसऱ्या ओळींतच संपलें होतें. पुढें एकच वाक्य होतें, व त्याचा अर्थ इतकाच कीं, दिवाळीनंतर माझा मित्र नाहींसा झाला. त्यासाठीं मुलानें ‘डिसअपीअर’ हें क्रियापद योजिलें होतें, पण त्याच्या आधीं ‘वॉज’ जोडला होता. मीं ‘वॉज’वर तांबडी रेघ ओढली, समासांत ‘अकर्मक क्रियापद; कर्मणि प्रयोग होत नाहीं’ असें लिहिलें, आणि एक गुण कापला.

दुसऱ्या दिवशीं वह्या परत देतांना तो मुलगा मेजापाशीं येऊन उभा राहिला. ‘‘सर,’’ तो म्हणाला, ‘‘तो आपण होऊन गेला नाहीं. मग ‘वॉज’ घालायचा नाहीं, तर काय घालायचें?’’ उत्तर मजजवळ तयार होतें. व्याकरण शिकविणाऱ्याजवळ तें नेहमींच तयार असतें. मीं तें दिलें, मुलानें मान हलविली, आणि तास पुढें चालला. परंतु सायंकाळीं सायकलवरून घरीं जातांना तो प्रश्न माझ्या मागें बसून आला, तो अद्याप उतरावयास तयार नाहीं. यंदाच्या अंकासाठीं लेख मागण्यांत आला तेव्हां दुसरा विषय सुचेना, त्याचें कारण हेंच.

प्रथम व्याकरणाचा हिशेब पुरा करूं. मराठी मुलगा ‘वॉज डिसअपीअर्ड’ असें कां लिहितो, हें समजण्यास फार दूर जावयास नको. ‘नाहींसा झाला’ यांत आपल्याकडे दोन शब्द आहेत. ‘नाहींसा’ हें विशेषणासारखें, व ‘झाला’ हें क्रियापद. मुलगा ‘झाला’च्या जागीं ‘वॉज’ ठेवतो, ‘नाहींसा’च्या जागीं ‘डिसअपीअर्ड’ ठेवतो, आणि दोन्ही पारडीं सारखीं झालीं म्हणून निश्चिंत होतो. पण इंग्रजींतील हा शब्द स्वतःच पुरें क्रियापद आहे. ‘झाला’ त्याच्या पोटांत आधींच आहे. ‘पेन डिसअपीअर्ड’ एवढ्यानें भागतें. ‘हॅज’ किंवा ‘हॅड’ चालेल. ‘इज’ व ‘वॉज’ चालणार नाहीं. शिवाय या क्रियापदाला कर्म नसल्यामुळें त्याचा कर्मणि प्रयोगहि व्हावयाचा नाहीं, जसा ‘अराइव्ह’चा होत नाहीं. परीक्षेच्या दृष्टीनें एवढें पुरे.

तरी माझ्या विद्यार्थ्याच्या बाजूनें एक गोष्ट सांगितली पाहिजे. तीन-चार शतकांपूर्वींच्या इंग्रजींत जाणें, येणें, नाहींसें होणें अशा अकर्मक क्रियापदांचे पूर्ण काळ ‘हॅव’प्रमाणेंच ‘बी’ या सहायकानेंहि साधीत असत. शेक्सपियरच्या ‘मॅकबेथ’ नाटकाच्या पहिल्याच अंकांत चेटकिणी माळरानावरून नाहींशा होतात, तेव्हां बँको जो प्रश्न विचारतो त्यांत ‘हॅव’ नाहीं, ‘आर’ आहे. तेव्हां तांबडी रेघ ओढतांना शिक्षकानें हात थोडा हलका ठेवावा. आजची चूक ही कधीं काळीं रूढि होती.

आतां अर्थाकडे वळूं. ‘अपीअर’ म्हणजे दिसणें, दृष्टीस पडणें. त्याच्या आधीं ‘डिस’ हा उपसर्ग लागून ‘डिसअपीअर’ झाला. तेव्हां त्याचा अक्षरशः प्रतिशब्द ‘नाहींसा होणें’ हा नव्हे, तर ‘दिसेनासा होणें’ हा आहे. दोहोंत अंतर मोठें आहे. ‘नाहींसा’ म्हटलें म्हणजे वस्तूच्या असण्यानसण्याचा प्रश्न आला. ‘दिसेनासा’ म्हटलें म्हणजे फक्त पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा. खंडाळ्याच्या घाटांत गाडी बोगद्यांत शिरली कीं बाहेर उभ्या असलेल्या माणसाला ती दिसेनाशी होते. गाडींत बसलेला प्रवासी मात्र आपला डबा उघडून पोळीभाजी खात असतो. त्याच्या मतें कोणीच नाहींसें झालेलें नाहीं. झालाच असेल तर बाहेरचा माणूस.

आपल्या प्राचीन वैयाकरणांनीं हा भेद पक्का ओळखला होता. पाणिनीनें ‘लोप’ या संज्ञेची व्याख्या ‘अदर्शन’ अशी केली आहे. प्रत्यय नाश पावला असें तो म्हणत नाहीं; दिसत नाहीं, एवढेंच म्हणतो. आणि थोडें पुढें असाहि नियम घालतो कीं, प्रत्ययाचा लोप झाला तरी त्या प्रत्ययामुळें व्हावयाचें कार्य होतेंच. संस्कृत घेतलेल्या मुलांना हा नियम कोरडा वाटतो. ज्या घरांतील एखादें माणूस बाहेर गेलें आहे व परतलें नाहीं, त्या घरांत तो मुळींच कोरडा वाटत नसावा.

‘व्हॅनिश’ची गोष्ट निराळी. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजींत आला. मूळ लॅटिन ‘व्हानुस’, म्हणजे रिकामा, पोकळ. ‘व्हेन’ आणि ‘व्हॅनिटी’ हे शब्द त्याच घराण्यांतले. म्हणून ‘व्हॅनिश’मध्यें नुसतें डोळ्याआड होणें नाहीं; जागा रिकामी पडणें आहे, आणि तेंहि बहुधा एका क्षणांत, मागें खूण न ठेवतां. जादूगाराच्या मुठींतलें नाणें ‘व्हॅनिश’ होतें. अम्माऊसच्या कथेंत भाकर मोडतांच दोघां शिष्यांना ओळख पटते व त्याच क्षणीं प्रभु त्यांच्यासमोर राहत नाहीं. तेथें १६११ सालच्या इंग्रजी भाषांतरकारांनीं ‘व्हॅनिश’ घातलें आहे, तें योग्यच आहे. डोंगराआड जाणाऱ्या सूर्याला मात्र ‘डिसअपीअर’ शोभतें. तो सावकाश जातो, व उद्यां येणार हें सर्वांस ठाऊक असतें. उन्हांत वाळत घातलेल्या साडीचा रंग या दोहोंपैकीं कशानेंच जात नाहीं; त्याला ‘फेड’ लागतें.

मराठींत तर ही संपत्ति इतकी आहे कीं, आपण तिचा हिशेब ठेवीत नाहीं. धुकें विरतें, सूर्य मावळतो, पूर ओसरतो, विहीर आटते, पाणी जमिनींत मुरतें, कापूर उडून जातो, सूज उतरते, राग निवळतो. माणसांचेंहि तसेंच. चोर पसार होतो, आरोपी फरारी होतो, कर्जानें गांजलेला परागंदा होतो, आणि खोडकर मुलगा गणिताच्या तासापूर्वीं पोबारा करतो. प्रत्येकाच्या जाण्याची रीत निराळी, व ती रीत क्रियापदांतच सांगून ठेवलेली. अलीकडे मात्र आमच्या मुलांच्या मराठींत सगळेंच ‘गायब’ होतें. धुकें गायब, पाणी गायब, रागहि गायब. हें मला आवडत नाहीं, हें येथें एकदां सांगून टाकतों. शिवाय आपल्या घरांतून ‘संपलें’, ‘गेलें’ म्हणण्याचाच संकोच. बांगडी फुटली तर ती ‘वाढली’, आणि पाहुणा निघाला तरी त्यानें ‘येतों’ म्हणावें. असो.

या ‘गायब’ शब्दावर राग काढला खरा, पण तो शब्द सामान्य नव्हे. तो मूळचा अरबी. त्याचा अर्थ ‘हजर नसलेला’. ‘हाजिर’ आणि ‘गायब’ ही जोडी. म्हणजे हजेरीपटांत आम्ही ज्याला ‘गैरहजर’ म्हणतों, तोच हा. अरबी व्याकरणांत तर तृतीय पुरुषाचें नांवच ‘गायब’ असें आहे. एक बोलणारा, दुसरा ज्याच्याशीं बोलावयाचें तो, आणि जो येथें नाहीं, ज्याच्याविषयीं फक्त बोलावयाचें, तो गायब. मला ही योजना फार मार्मिक वाटते. जो खोलींत नाहीं त्याच्याविषयीं आपण वाटेल तें बोलूं शकतों; ‘तसें नव्हे’ म्हणावयास तो तेथें नसतो.

येथवर लिहिलें तें थोड्याबहुत फरकानें कोणत्याहि चांगल्या कोशांत सांपडेल. मला सांगावयाचें आहे तें कर्त्याविषयीं. अकर्मक क्रियापदांत जें जातें तेंच कर्ता असतें. ‘पाकीट नाहींसें झालें’ या वाक्यांत कर्ता पाकीट. जणूं पाकिटालाच पाय फुटले. खिसेकापू त्या वाक्यांत कोठेंच नाहीं. व्याकरणानें त्याला मागचें दार उघडून दिलें आहे.

इंग्रजी भाषेनें हें दार पुष्कळ काळ उघडें ठेविलें होतें. कोणी कोणाला ‘डिसअपीअर’ करतो असें सरळ म्हणण्याची सोय तींत नव्हती म्हटलें तरी चालेल. १९६१ सालीं जोसेफ हेलर या अमेरिकन लेखकाची ‘कॅच-२२’ ही कादंबरी प्रसिद्ध झाली. दुसऱ्या महायुद्धांतील एका विमानदळाची ती गोष्ट आहे. शाळकरी मुलांनीं ती आतांच वाचावी असें नाहीं, कॉलेजांत गेल्यावर वाचावी. तींत एक परिचारिका नायकाला चोरून ऐकलेली बातमी सांगते कीं, त्याच्या मित्राला ‘डिसअपीअर’ करण्याचा वरच्यांचा बेत आहे. नायक चक्रावून जातो. याचा अर्थ तरी काय, हें तर व्याकरणालाहि धरून नाहीं, असें तो म्हणतो. अर्थ तिलाहि ठाऊक नसतो. मित्र मात्र पुढें खरोखरच दिसेनासा होतो. हा प्रसंग वाचतांना मला हल्लीं माझी तांबडी रेघ आठवते.

विनोदी कादंबरींतील ही अशुद्ध भाषा पंधरा वर्षांनीं एका देशाची रोजची भाषा झाली. २४ मार्च १९७६ रोजीं दक्षिण अमेरिकेंतील आर्जेन्टिना देशांत सेनापतींनीं सत्ता बळकाविली, व ती १९८३ च्या डिसेंबरापर्यंत त्यांच्या हातीं राहिली. त्या काळांत विद्यार्थी, कामगार, शिक्षक, वकील, कांहीं धर्मभगिनीसुद्धां धरून नेण्यांत आल्या, आणि त्यांतील हजारों परत आले नाहींत. तुरुंगाच्या नोंदींत नांव नाहीं, न्यायालयांत खटला नाहीं, दफनभूमींत थडगें नाहीं. चौकशीस गेलेल्या आईबापांना उत्तर मिळे कीं, तुमचा मुलगा आमच्याकडे नाहीं. १९७९ सालीं सत्ताधीश जनरल विदेला यानें वृत्तपत्रकारांसमोर अशा आशयाचें सांगितलें कीं, नाहींसा झालेला माणूस जिवंतहि नाहीं व मृतहि नाहीं. तो केवळ नाहींसा आहे. हें वाक्य व्याकरण शिकविणाऱ्यानें नीट न्याहाळावें. माणूस आहे, त्याचें नसणें आहे, आणि करणारा कोणीहि नाहीं.

या उत्तरावर त्या आयांचें समाधान झालें नाहीं. ३० एप्रिल १९७७ रोजीं चौदा स्त्रिया ब्वेनोस आयरेस या राजधानींत, राष्ट्राध्यक्षाच्या वाड्यासमोरील प्लाझा दे मायो नांवाच्या चौकांत जमल्या. घोळका करून उभें राहण्यास बंदी होती. पोलिसांनीं चालावयास सांगितलें, तेव्हां त्या चौकांतील स्तंभाभोंवतीं चालूं लागल्या. पुढें दर गुरुवारीं हा क्रम सुरू राहिला, व डोक्यावरील पांढरा रुमाल ही त्यांची खूण झाली. त्यांतील पुढारी अझुसेना व्हिजाफ्लोर हिला त्याच वर्षीं डिसेंबरांत नेण्यांत आलें. तिच्या अस्थि ओळखूं आल्या त्या २००५ सालीं, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनीं. लष्करी राजवट गेल्यावर नेमलेल्या चौकशी समितीनें १९८४ सालीं सुमारें नऊ हजार माणसांची नोंद केली. मानवी हक्कांसाठीं झटणाऱ्या संस्था तो आंकडा तीस हजार सांगतात. कैदेंत जन्मलेलीं तान्हीं मुलें परक्यांच्या घरीं वाढविण्यांत आलीं होतीं. त्यांच्या आज्यांनीं वर्षानुवर्षें शोध करून अशांपैकीं १३० हून अधिक नातवंडांची खरी ओळख पटविली आहे.

या सर्वांत भाषेचें काय झालें, तें आमच्या कामाचें. स्पॅनिशमधील ‘देसापारेसेर’ हें क्रियापद आपल्या ‘दिसेनासा होणें’प्रमाणें सामान्यतः अकर्मकच. परंतु लोक तें सकर्मक करून बोलूं लागले. तो नाहींसा झाला, असें नव्हे. त्याला नाहींसें केलें. तेथून तें वळण इंग्रजींत आलें. ‘ही वॉज डिसअपीअर्ड’ असें वाक्य वृत्तपत्रांतून छापून येऊं लागलें, आणि आजचे मोठे इंग्रजी कोश हा सकर्मक प्रयोग नोंदवितात. संयुक्त राष्ट्रांनीं या गुन्ह्याविरुद्ध २० डिसेंबर २००६ रोजीं एक आंतरराष्ट्रीय करार मान्य केला, तो २०१० सालीं अमलांत आला. त्याच्या नांवांत ‘डिसअपीअरन्स’ या नामाआधीं ‘एन्फोर्स्ड’ असें विशेषण आहे. नुसत्या नामांत करणाऱ्याला जागा नव्हती. ती विशेषणानें करून द्यावी लागली.

म्हणजे माझ्या विद्यार्थ्यानें जें लिहिलें होतें, तेंच वाक्य हें. अर्थात् त्याला आर्जेन्टिना नकाशावर दाखवितां येईल, पण हा इतिहास त्याला ठाऊक नव्हता. तो ‘वॉज’ अजाणतां पडला असेल. तरी मला विचारतांना त्यानें जें कारण दिलें तें अजाणतेपणाचें नव्हतें.

मराठीला ही अडचण कधींच नव्हती. ‘होणें’च्या शेजारीं ‘करणें’ हात जोडून उभें आहे; नाहींसा होणें, नाहींसा करणें. कोणतें घ्यावयाचें हें बोलणाऱ्यानें ठरवावयाचें, आणि म्हणूनच आमची जबाबदारी इंग्रजापेक्षां अधिक. तो म्हणूं शकतो कीं, माझ्या भाषेंत सोय नव्हती. आम्हांस तसें म्हणतां येत नाहीं.

एक उदाहरण घेतों. माझ्या लहानपणीं गांवाबाहेर मेलेलें गुरूं टाकलें कीं घटकाभरांत गिधाडें उतरत. आजच्या मुलांपैकीं पुष्कळांनीं गिधाड चित्रांतच पाहिलें आहे. भारतांतील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत शेंकडा नव्याण्णवांहून अधिक घटली. ‘गिधाडें नाहींशीं झालीं’ असें आम्ही सर्व म्हणत होतों. २००४ सालीं शास्त्रज्ञांनीं दाखविलें कीं, गुरांना दुखण्यावर टोंचण्यांत येणारें डायक्लोफिनॅक नांवाचें औषध मेलेल्या गुराच्या मांसांतून गिधाडांच्या पोटांत जातें, व त्यांचीं मूत्रपिंडें निकामी होतात. २००६ सालीं सरकारनें जनावरांसाठीं त्या औषधावर बंदी घातली. पण माणसांच्या वापरासाठीं निघणाऱ्या मोठ्या कुप्या गोठ्यांत जातच राहिल्या, म्हणून २०१५ सालीं त्या मोठ्या कुप्यांवरहि बंदी घालावी लागली. आतां पाहा. २००४ पूर्वीं ज्या शेतकऱ्यानें बैलाला बरें वाटावें म्हणून तें औषध टोंचविलें, त्यानें ‘नाहींशीं झालीं’ म्हटलें तर तो खोटें बोलत नव्हता. त्यानें बैलावर दयाच केली होती. परंतु बंदीनंतर सर्व ठाऊक असून ज्यानें ती कुपी गोठ्यासाठीं विकली, त्याला तें क्रियापद वापरण्याचा अधिकार राहिला नाहीं.

येथें कोणी म्हणेल कीं, मग सर्वत्र ‘केला’च म्हणावें. तसें मुळींच नाहीं. धुकें कोणी नाहींसें करीत नाहीं. आणि वर्गांत एखादी कंपासपेटी सांपडेनाशी झाली कीं ‘कोणी नेली?’ म्हणून जो ओरडा होतो, तो किती वाईट असतो हें मीं पाहिलें आहे. एकदां अशीच पेटी हरवली, आणि पंधरा मिनिटांत सर्व वर्गाच्या नजरा एका मुलावर जाऊन थांबल्या. त्याचा अपराध इतकाच कीं, त्याच्याजवळ स्वतःची पेटी नव्हती. दुसऱ्या दिवशीं ती पेटी मालकाच्या घरींच पलंगाखालीं निघाली. त्या मुलानें पुढें कित्येक दिवस मधल्या सुटींत कोणाशीं डबा खाल्ला नाहीं. ‘होणें’ या क्रियापदांत एक दयाहि आहे, ती विसरूं नये. कर्ता ठाऊक नसेल तर ‘हरवली’ म्हणावें. ठाऊक असूनहि ‘हरवली’ म्हणणें, एवढ्यालाच माझा विरोध आहे.

आतां त्या मित्राकडे येतों, ज्याचें वर्णन तीन ओळींत संपलें होतें. दिवाळीची सुटी संपून दोन आठवडे झाले तरी तो आला नाहीं, तेव्हां शिक्षकांच्या खोलींत कोणीतरी ‘तो गायब झाला’ म्हणालें. मींहि तेंच म्हणालों. वस्तुतः तो कोठें आहे हें वर्गांतील प्रत्येक मुलाला ठाऊक होतें. दसरा-दिवाळी झाली कीं मराठवाडा व नगरकडील दुष्काळी तालुक्यांतून हजारों कुटुंबें उंसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात, तीं मार्च-एप्रिलांत परततात. मुकादमाकडून उचल आधींच घेतलेली असते. ती फेडावयाची ती कोयत्यानें. नवराबायको मिळून एक कोयता धरतात. दोघेंहि पहांटे फडांत गेलीं म्हणजे कोपीपाशीं धाकट्या भावंडांना पाहावयास कोणीतरी लागतें, आणि तें कोणीतरी म्हणजे बहुधा नववींतला एखादा मुलगा किंवा मुलगी. २००९ सालच्या शिक्षणहक्क कायद्याचें छत्र चौदाव्या वर्षापर्यंत पुरतें. हा मुलगा नेमका त्याच्या कांठावर उभा होता.

कांहीं आठवड्यांनीं त्याचें नांव पटावरून कमी करण्याची गोष्ट निघाली, आणि तेथें मी थबकलों. कचेरींतील आमची भाषा पाहा. मुलगा ‘नाहींसा होतो’. त्याचें नांव मात्र आम्ही ‘कमी करतों’. एका ठिकाणीं अकर्मक, दुसऱ्या ठिकाणीं सकर्मक. मधल्या मजकुराचें काय? कर्ते कोण? पाऊस, कोरडवाहू जमीन, मुकादम, उचल, असे पुष्कळ सांगतां येतील, व ते सर्व खरेच आहेत. पण त्यांच्या जोडीला आणखी एक आहे. दसऱ्यापूर्वीं एका दुपारीं त्या मुलाची आई शाळेंत आली होती. ती मलाच भेटली. मुलाला सहा महिने कोठें ठेवतां येईल का, असें तिला विचारावयाचें होतें. सहामाही परीक्षा चालू होती, माझ्या हातांत प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा होता. ‘‘बाई, दिवाळीनंतर या, सवडीनें बोलूं,’’ असें मीं सांगितलें. दिवाळीनंतर ती येथें असणारच नव्हती. अशा मुलांसाठीं हंगामी वसतिगृहाची सरकारी योजना आहे हें मला ठाऊक होतें, व नववीच्या मुलाला ती लागू होते कीं नाहीं, नसल्यास आमच्याच वसतिगृहांत एक खाट मिळते कीं नाहीं, एवढी चौकशी करण्यास अर्धा तास पुरला असता.

मीं त्या मुलाला नाहींसें केलें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. आर्जेन्टिनांतील मुलांशीं त्याची तुलना करणें तर अनुचितच. तो सुखरूप आहे, आईबापांजवळ आहे, आणि वर्गमित्र दर रविवारीं त्याच्या वडिलांच्या मोबाइलवर त्याला आठवड्याचा अभ्यास वाचून दाखवितो. पण ‘तो नाहींसा झाला’ हें वाक्य आतां मला म्हणतां येत नाहीं. तो ज्या मार्गानें गेला त्या मार्गावर मी उभा होतों.

कापलेला गुण मीं परत दिलेला नाहीं. शाळेच्या परीक्षेंत ‘वॉज डिसअपीअर्ड’ अद्याप चुकीचेंच धरतात, आणि मुलाची समजूत त्यानें बिघडावयास नको. मात्र समासांतील शेऱ्याखालीं ‘पण तूं विचारलेंस तें बरोबर होतें’ असें निळ्या शाईनें लिहून दिलें आहे. त्याच्या मित्राचें नांव मुख्याध्यापकांच्या संमतीनें पटावर ठेविलें आहे. कारखान्याचा पट्टा पडला कीं तो येईल. त्याच्या परीक्षेचें काय करावयाचें तें आम्ही पाहत आहों.

पालकांना एक विनंति आहे. ज्यांना पुढल्या हंगामाला जावयाचें असेल त्यांनीं गांव सोडण्यापूर्वीं एकदां शाळेंत येऊन जावें, व मुलांमुलींना मागें ठेवण्याची सोय होते का हें विचारावें. ओसरीवर ताटकळत बसूं नका, सरळ आंत या. दसऱ्याच्या आधीं या. परीक्षा चालू असली तरी चालेल.